लाल झेंडा म्हणजे हुकूमशाहीच का? इंदूरचा 1962 चा हिशेब काय सांगतो

इंदूर : "कम्युनिस्ट सत्तेत आले की शेवटी हुकूमशहाच बसतो." निवडणूक जवळ आली की चहाच्या टपरीवर हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते सरळ खोडून काढता येत नाही. रशियात स्टॅलिन, चीनमध्ये माओ, कंबोडियात पोल पॉट. उत्तर कोरियात तर आजोबांची गादी नातवाकडे आली. पण 'शेवटी हेच होतं' असं म्हणण्याआधी आपल्या इंदूरकडे पाहू.

1962 मध्ये इंदूरने होमी दाजींना लोकसभेत पाठवलं. कागदावर अपक्ष, पण पक्के कम्युनिस्ट आणि गिरणी कामगारांचे पुढारी. 1967 मध्ये ही जागा काँग्रेसच्या प्रकाशचंद्र सेठींकडे गेली. दाजी पुन्हा कामगारांत आले आणि 1972 मध्ये विधानसभेवर निवडून गेले. जनतेने बसवलं तेव्हा बसले, उठवलं तेव्हा उठले.

त्याच 1962 च्या जून महिन्यात रशियातल्या नोवोचेर्कास्क शहरात काय घडलं? मांस-लोणी महागलं, मजुरीला कात्री लागली, म्हणून रेल्वे इंजिन कारखान्याच्या कामगारांनी संप केला. 'कामगारांच्या सरकारने' त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. वीसहून जास्त माणसं मेली आणि ही बातमी जवळजवळ तीन दशकं दाबून ठेवली गेली.

झेंडा एकच, मग फरक कशाचा? दाजींच्या वर मतपेटी होती, कोर्ट होतं, विरोधी पेपर होते. रशियात लेनिनने जानेवारी 1918 मध्येच निवडून आलेली संविधान सभा मोडीत काढली, कारण तिथे त्याच्या पक्षाला बहुमत नव्हतं. पुढे कारखाना, रेशन, छापखाना आणि पोलीस एकाच पक्षाच्या हातात गेले. मग त्या पक्षावर एकच माणूस बसायला कितीसा वेळ लागणार?

आपल्याकडे केरळात 1957 साली कम्युनिस्ट मतांनी सत्तेत आले. 1959 मध्ये केंद्राने त्यांना बरखास्त केलं, तरी पुढे ते मतांनीच परतले. बंगालमध्ये डावी आघाडी 34 वर्षं होती. 2007 मध्ये नंदीग्रामला पोलीस गोळीबारात 14 जण गेले, तो माज लोकांनी पाहिला आणि 2011 मध्ये मतपेटीतून उत्तर दिलं. सरकार मुकाट्याने पायउतार झालं.

यावर कुणी म्हणेल, यांच्या हातात लष्कर कुठे होतं? मुद्दा बरोबर आहे. आणीबाणीत आपल्या मराठी कॉम्रेड डांग्यांच्या भाकपने इंदिरा गांधींना साथ दिली, हेही विसरू नये. माकपने मात्र विरोध केला. आणि आणीबाणी लादणारा पक्ष कम्युनिस्ट नव्हता, चिलीत निवडून आलेल्या आयेंदेंना 1973 मध्ये उलथवणारा पिनोशेही नव्हता.

म्हणून माझं मत असं : हुकूमशाही अटळ नाही, पण या विचारात तिकडे जाणारा उतार नक्की आहे. 'कामगाराचं हित पक्षालाच कळतं' असं एकदा मानलं की संप करणारा कामगारच शत्रू ठरतो. आम्ही कॉमर्सवाले साधी गोष्ट शिकलो : वही लिहिणाऱ्यानेच वही तपासायची नसते. सगळं ज्याच्या हातात, त्याचं ऑडिट कोण करणार?

हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली. थकबाकीचे सुमारे 224 कोटी मंजूर होऊन वाटपाचा कार्यक्रम झाला तो डिसेंबर 2023 मध्ये. बत्तीस वर्षं! कित्येक कामगार वाट बघत गेले. ही लाजिरवाणी गोष्ट आहे, तिचं कौतुक नको. पण या काळात भोपाळ-दिल्लीत सरकारं बदलत गेली, कामगारांना सभा घेता आल्या, कोर्टाची पायरी चढता आली. नोवोचेर्कास्कच्या कामगारांना ती पायरीच नव्हती.

तेव्हा कुठलाही झेंडा घेऊन कुणी मत मागायला आलं, तर रंग नंतर बघा. आधी विचारा : उद्या तुम्ही नकोसे झालात, तर आम्ही तुम्हाला घरी कसं पाठवायचं?