जीवाणी विहिरीत, गोळ्या मोरीत



पाण्याच्या एका थेंबात 36,450 जीव, हा आकडा आपल्यापैकी बहुतेकींना तोंडपाठ आहे. दसलक्षण आलं की सूक्ष्मदर्शकाच्या चित्रासकट फॉरवर्ड फिरतो, खाली 'विज्ञानानेही मान्य केलं!' आणि आपण खूश. पण आपल्या घरातून गेलेल्या पाण्याने त्या जीवांचं काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

विचारणाऱ्या बायका आहेत. अमेरिकेतल्या कॅरी इन्स्टिट्यूटच्या एमा रोझी आयुष्यभर ओढ्यांचाच अभ्यास करत आल्या. ओढ्यातल्या दगडावर जो बुळबुळीत थर असतो ना, तो म्हणजे पाण्यातल्या किड्यांचं ताट. त्यांनी नि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क, मेरीलँड, इंडियाना इथल्या ओढ्यांत वेगवेगळी औषधं हळूहळू झिरपतील अशी सोय करून या थराचं काय होतं ते पाहिलं. 2013 साली निष्कर्ष आले. डायफेनहायड्रामिन, म्हणजे खोकल्याच्या कितीतरी सिरपांत असतं ते, त्याने या थराचं सूर्यप्रकाशावर अन्न बनवण्याचं काम 99 टक्क्यांपर्यंत घटलं.

मग 2018. मेलबर्नजवळचे सहा ओढे. मोनाश विद्यापीठाच्या एरिन रिचमंड आणि सोबत याच रोझीबाई. 98 औषधं शोधली, ओढ्यातल्या किड्यांच्या अंगात 69 सापडली. काठावरच्या कोळ्यांच्या अंगात 66! कोळी काही पाण्यात उतरत नाही. पाण्यातली अळी मोठी होते, पंख फुटून बाहेर उडते, कोळ्याच्या जाळ्यात अडकते, आणि आपलं औषध बरोबर घेऊन जाते. तिथला प्लॅटिपस हेच किडे खातो. हिशेब मांडला तर नैराश्यावरच्या औषधाचा, माणसाला देतात त्याच्या निम्म्यापर्यंतचा डोस त्याच्या पोटात रोज जाऊ शकतो, असं निघालं.

हे सगळं आलं कुठून? गोळी घेतली की तिचा काही भाग शरीरातून तसाच बाहेर पडतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन तर जवळजवळ जशीच्या तशी लघवीतून जाते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं औषधं काढण्यासाठी बांधलेलीच नाहीत. मी कॉमर्सची. एका खात्यातून गेलं ते दुसऱ्या खात्यात दिसायलाच हवं, एवढं मला कळतं.

"तिकडचे ओढे, आपल्याला काय?" असं म्हणणाऱ्यांसाठी हैदराबादजवळचं पटनचेरू. औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करून सोडणाऱ्या केंद्राच्या पाण्यात 2007 साली सिप्रोफ्लॉक्सॅसिन सापडलं, लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तातही इतकं नसतं. आणि ते शुद्ध केलेलं पाणी, बरं का.

आता आपलं. आपल्या आज्या पाणी दुहेरी फडक्यातून गाळायच्या. तिथे त्या थांबल्या असत्या तर ती नुसती स्वच्छता झाली असती. त्या फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्याने धुवायच्या आणि ती जीवाणी ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत, अलगद, कडीच्या बादलीने सोडायच्या. माझ्या हंड्यात जीव नको एवढ्यावर भागत नव्हतं. तो त्याच्या घरी जिवंत पोचला पाहिजे, ही जबाबदारी होती. आपण फडकं ठेवलं (तेही नळाला बांधून महिनोन् महिने काळं पडलेलं) आणि विहीर विसरलो.

ओढ्यात कॅडिसफ्लायच्या अळ्या असतात. त्यांतल्या काही जाती रेशमाचं जाळं विणून वाहतं पाणी गाळून खातात. तेही गाळणंच. आपण वर काय सोडतो ते त्यांच्या गाळण्यात अडकतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: औषधदान हे चार दानांतलं एक. आहेच. माझी बीपीची गोळी चालू आहे आणि राहील, कुणाचीही बंद करा असं मी म्हणत नाही. पण तपासल्याशिवाय प्रत्येकाच्या हातात अँटिबायोटिकची पट्टी देणं हे दान कसलं? एका शिबिरानंतर उरलेली सिरपं मोरीत ओतताना मी पाहिली आहेत, आणि ओतणारे रात्री पाणीही न पिणारे होते! अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या आहे: गरज नसताना पाणी सांडणं, माती उकरणं, झाडं तोडणं. सर्दीला कारण नसताना घेतलेली अँटिबायोटिक त्यात बसत नाही, हे मला कुणीतरी स्वाध्यायात पटवून द्यावं.

शरीरातून जाईल ते जाईल, त्याला इलाज नाही. नको असलेली गोळी पोटातच न जाणं आणि उरलेली मोरीत न जाणं, हे दोन्ही आपल्या हातात आहे. आपल्यातल्या कितीजणींच्या घरी औषधांची दुकानं आहेत. मुदत संपलेला माल घाऊक विक्रेत्याकडे परत पाठवायची रीत त्यांना ठाऊक आहे. मग बस्तीच्या ओसरीवर एक डबा ठेवून घरोघरीच्या जुन्या पट्ट्या त्यांच्यामार्फत नीट मार्गी लावता येतील का, हे त्यांनाच विचारू. आणि पुढच्या शिबिरात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय एकही पट्टी वाटायची नाही. दोन्ही ठराव मी महिला मंडळाच्या सभेत मांडणार आहे. अनुमोदक हवी आहे, तेव्हा सभेला या.