शून्य गुण, अकरा मिनिटं

एप्रिल आला की अंधेरी ईस्टच्या ऑफिसांमध्ये दोन गोष्टी हमखास होतात. एसी बंद पडतो आणि अप्रेझलचा फॉर्म येतो. गेल्या शुक्रवारी माझी एक मैत्रीण मेट्रोतून घाटकोपरला उतरली ती तोंड पाडूनच. (राहते तिथेच, तर तिला आपण घाटकोपरकर म्हणू.) पाचपैकी तीन मिळाले होते. शेरा काय, तर 'अपेक्षेप्रमाणे काम'. आणि टीममधल्या ज्या मुलाला पाच मिळाले, त्याचं प्रेझेंटेशन रात्री दीडपर्यंत जागून हिनंच दुरुस्त केलेलं!

"त्याला फॉर्ममध्ये रकानाच नाहीये," ती म्हणाली. राजीनाम्याचा मेल टाइप करून ड्राफ्टमध्ये ठेवला होता. फक्त सेंड दाबायचं बाकी.

स्टेशनबाहेर वडापाव खाता खाता मी तिला बास्केटबॉलबद्दल सांगायला लागले. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्याच नजरेनं आत्ता तुम्हीही बघताय. माहितेय मला. पण दोन मिनिटं द्या, बॉस.

जुलै 2017. बंगळुरू. महिला आशिया कपच्या डिव्हिजन बीची फायनल, भारत विरुद्ध कझाकस्तान. आपण जिंकलो 75-73 असे, आणि त्या दोन गुणांच्या जोरावर वरच्या डिव्हिजन एमध्ये गेलो. आपल्या पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. अशी मॅच संपली की एक तक्ता निघतो, त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात. डावीकडे खेळाडूंची नावं आणि पुढे रकानेच रकाने: किती मिनिटं खेळली, किती शॉट मारले, किती गेले, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, फाऊल, टर्नओव्हर. मॅच 40 मिनिटांची आणि कोर्टवर एका वेळी पाच जणी, म्हणजे मिनिटांच्या रकान्याची बेरीज 200. जादा वेळ नसेल तर ती कधीच चुकत नाही.

शेवटी एक 'एफिशियन्सी' नावाचा रकाना असतो. हेच ते रेटिंग! गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक यांची बेरीज करायची, आणि त्यातून हुकलेले शॉट, हुकलेले फ्री थ्रो आणि टर्नओव्हर वजा करायचे. समजा तुम्ही 10 गुण केले, 4 रिबाउंड घेतले, 3 असिस्ट दिले. 6 शॉट हुकले आणि दोनदा बॉल घालवला. 17 वजा 8, म्हणजे 9. अख्ख्या संध्याकाळचा घाम एका आकड्यात.

आता गंमत बघा. या तक्त्यात स्क्रीन लावण्याला रकाना नाही. स्क्रीन म्हणजे काय, तर आपल्या शूटरच्या मागे लागलेल्या डिफेंडरच्या वाटेत खांबासारखं उभं राहायचं. ती येऊन तुमच्यावर आदळते, शूटर मोकळी होते, बास्केट पडते. गुण शूटरचे, असिस्ट पास देणारीचा. आणि तुमचे? बरगड्या.

हे मी इतक्या ठामपणे सांगतेय, कारण कॉलेजच्या टीममध्ये ती खांब मीच होते. आमचे सर वहीत प्रत्येकीची मिनिटंही लिहायचे. एका मॅचचं पान मी अजून जपून ठेवलंय: 11 मिनिटं, 0 गुण, 1 फाऊल. मॅच आम्ही जिंकलो होतो. मुलुंडला घरी पोचले तर आईनं विचारलं, "किती मारलेस?" म्हटलं, शून्य. "मग गेली कशाला होतीस?"

यार, या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नव्हतं. आता येतं.

बॉक्स स्कोअरमध्ये हल्ली 'प्लस-मायनस' असा एक रकाना असतो. हिशेब सरळ आहे. तुम्ही कोर्टवर असताना आपल्या टीमनं किती गुण केले, त्यातून समोरच्यांनी किती केले ते वजा करायचं. बास्केट कुणी टाकली हे विचारायचंच नाही. दोन गुणांनी मॅच जिंकली, तर सगळ्यांच्या प्लस-मायनसची बेरीज बरोबर 10 येते, कारण प्रत्येक क्षणी पाच जणी आत असतात. जिनं एकही शॉट मारला नाही, तिचाही त्यात वाटा असू शकतो.

अमेरिकेच्या शेन बॅटियेचं नाव यामुळेच गाजलं. 2006च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये तो देशाकडून खेळला, नंतर ह्यूस्टन रॉकेट्सकडून. त्याचे गुण बेताचे, रिबाउंड बेताचे. पण तो आत असला की टीम जास्त चांगली खेळायची! 2009 मध्ये मायकेल लुईसनं त्याच्यावर 'द नो-स्टॅट्स ऑल-स्टार' नावाचा मोठा लेख लिहिला. म्हणजे आकड्यांनी ज्याला लपवलं होतं, त्याला शोधून काढलं तेही आकड्यांनीच.

म्हणून मी 'माणसाला आकड्यांत मोजू नका' टाइप भाषण देणार नाहीये. आकडेच नसतील, तर मीटिंगमध्ये जो जास्त मोठ्यानं बोलतो त्याला पाच मिळतात. भानगड अपुऱ्या रकान्यांची आहे. एनबीएमध्ये ब्लॉक आणि स्टील अधिकृतपणे मोजायला सुरुवात झाली 1973-74च्या सीझनपासून. 11 विजेतेपदं जिंकणारा बिल रसेल 1969 मध्येच निवृत्त झाला होता. ज्या ब्लॉक्ससाठी तो ओळखला जातो, त्यांचा अधिकृत आकडाच नाही. आपल्या नागपाड्याच्या अब्बास मुंतसीर यांना 1970 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा कितीही लांबून बास्केट टाकली तरी गुण दोनच. तीन गुणांची रेषा आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये आली 1984 मध्ये. अंतर तेच, मेहनत तीच. नियम बदलला आणि किंमत वाढली.

एक मात्र खरं. प्लस-मायनसही एका मॅचपुरता फसवतो. भारी खेळाडूंबरोबर आत गेलात की तुमचाही आकडा चकाचक. त्यामुळे भरपूर मॅचेसचा हिशेब लागतो, आणि तो कुणीतरी ठेवावा लागतो. ऑफिसात तो 'कुणीतरी' म्हणजे तुम्हीच.

घाटकोपरकरनं शनिवार-रविवार बसून वर्षभराचे मेल उपसले. कुणाला काम शिकवलं, कुठली चूक क्लायंटकडे जायच्या आधी पकडली, कुणाचं प्रेझेंटेशन रात्री दुरुस्त केलं. सगळं तारखांसकट एका पानावर. सोमवारी बॉसबरोबर मीटिंग आहे. तिनाचे चार होतील का, मला माहीत नाही. राजीनामा अजून ड्राफ्टमध्येच आहे.

आणि ज्यांना पाच मिळालेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. नॉर्थ कॅरोलिनाचे कोच डीन स्मिथ यांनी आपल्या खेळाडूंना एक सवय लावली होती. बास्केट पडली की ज्यानं पास दिला त्याच्याकडे बोट दाखवायचं, सगळ्यांसमोर.

आपल्या ऑफिसात बोट दाखवतात ते फक्त चूक झाल्यावर. या सोमवारी एकदा उलटं करून बघा ना!