पक्षी-छायाचित्रणातील उमेदवारी

पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद गेल्या दोन दशकांत महाराष्ट्रात ज्या वेगाने पसरला, त्या मानाने त्याची उमेदवारी करण्याची तयारी मात्र फार थोड्यांनी दाखवली, अशी माझी तक्रार आहे. चारशे-सहाशे मिलिमीटरची लेन्स खरेदी करताच मनुष्य स्वतःला त्या विषयातला अधिकारी समजू लागतो, आणि हाती आलेले चित्र मनाजोगे उतरले नाही की सारा दोष त्या लेन्सच्या माथी मारून तिच्याहून मोठ्या लेन्सच्या हप्त्यांची चौकशी करू लागतो. वस्तुतः या विद्येतील खर्चाचा भाग पहिल्याच मुक्कामाला आटोपतो. त्यापुढे कामाला येते ते पक्ष्याच्या स्वभावाचे ज्ञान, आणि अखेरच्या टप्प्यावर परीक्षा होते ती कोणते चित्र घ्यायचे नाही हे ठरविण्याच्या कुवतीची.

आरंभ कोठून करावा असे कोणी विचारलेच, तर मी त्याला गावच्या तळ्याकाठचा वंचक दाखवीन. दुर्मीळ पक्ष्यामागे शंभर कोस धावणाऱ्या नवशिक्याला हा मातकट रंगाचा, मान खांद्यांत घालून दगडासारखा निश्चल बसणारा पक्षी अगदीच क्षुल्लक वाटतो. परंतु तोच उडाला म्हणजे त्याचे पांढरेशुभ्र पंख असे काही उघडतात की, बसलेला पक्षी तो हाच काय, असा संभ्रम पडावा. हा क्षण हस्तगत करायचा तर उड्डाणाची पूर्वसूचना ओळखता आली पाहिजे: पुष्कळदा तो आधी शीट टाकतो, अंग आखडून किंचित खाली दबतो, आणि मग झेपावतो. बसलेल्या वंचकाला सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा शटरवेग पुरेसा होतो, उडणाऱ्याला दोन हजाराव्या भागाच्या आसपासचा लागतो, आणि तो आगाऊ लावून ठेवलेला नसेल तर पुढची सारी धडपड व्यर्थ होय. शिवाय मातकट पाठीकडे पाहून ठरविलेले एक्स्पोजर पंख उघडताच फसते, कारण कॅमेऱ्यातील प्रकाशमापक यंत्र समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून चालते. म्हणूनच काळसर पाण्यावरच्या बगळ्याचे पीस न् पीस जळून जाते आणि उजळ आभाळापुढे तारेवर बसलेला कोतवाल नुसता शाईचा डाग होतो. पहिल्याला एक्स्पोजर कमी द्यावे, दुसऱ्याला वाढवून द्यावे, एवढे तत्त्व पुस्तकात एका ओळीत सांगून होते, पण ते बोटांत उतरायला एकाच तळ्यावर एक आख्खा हिवाळा घालवावा लागतो.

दुसरा धडा वाऱ्याचा, आणि तो शिकवावा कवड्या खंड्याने. हा काळापांढरा खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत तरंगत राहतो, चोच सरळ खाली रोखलेली, शरीर थरथरत असताना डोके मात्र जणू खिळ्याने ठोकलेले, आणि मासा दृष्टीस पडताच पंख मिटून तो दगडासारखा खाली कोसळतो. असे तरंगताना त्याचे तोंड नेहमी वाऱ्याकडे असते. तेव्हा ज्याने सूर्य आणि वारा हे दोन्ही आपल्या पाठीशी घेतले, त्याच्याकडे खंड्या आपण होऊनच तोंड करतो, आणि ज्याने ते घेतले नाहीत त्याच्या पदरी सहाशे मिलिमीटरची लेन्स असूनही केवळ शेपटी येते. पुण्याजवळ कवडीपाटच्या बंधाऱ्यावर मुळामुठेच्या फेसाळ, दुर्गंधीयुक्त पाण्यात शेकाट्या आणि धोबी यांची छायाचित्रे घेणारे पुष्कळ भेटतात, परंतु उभ्याने चित्र घेणाऱ्याच्या वाट्याला तोच फेस पार्श्वभूमी म्हणून येतो. जो नाक दाबून काठावर पालथा पडतो, त्याच्या चित्रात पक्ष्याचा डोळा समोर येतो आणि पलीकडचा दूरचा तीर हिरव्या धुक्यासारखा विरून जातो. लेन्स दोघांचीही तीच.

येथपर्यंतची मजल चिकाटी असलेला कोणीही गाठील. पुढचा टप्पा अवघड, आणि तेथेच आपल्याकडची बहुसंख्य मंडळी घसरतात, कारण पक्षी हमखास कोठे सापडेल या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर घरटे हे आहे. पावसाळ्यात कोकणात तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो, आणि त्या बिळासमोर कोणी तरी आपल्या सोयीने रोवलेल्या काटकीवर बसलेला, चोचीत सापसुरळी धरलेला तो इवला रंगीत पक्षी दर वर्षी शेकडो छायाचित्रांतून झळकतो. अशा चित्रात जाणत्याने प्रथम सापसुरळीचे डोके कोणीकडे आहे ते पाहावे. खंड्या भक्ष्य स्वतः गिळतो तेव्हा ते डोक्याकडून गिळतो, म्हणून डोके त्याच्या घशाकडे असते. पिलाला किंवा मादीला भरवायचे असले म्हणजे तो ते उलटे धरतो, डोके बाहेर. डोके बाहेर असलेले भक्ष्य घेऊन पक्षी माना वेळावीत काटकीवर ताटकळत बसला असेल, तर तो बहुधा तुमच्यामुळेच बिळात शिरत नाही, आणि आत पिले उपाशी आहेत. म्हणजे ज्या चित्रावर वाहवा होते, त्याच चित्रात फिर्यादीचा पुरावा नोंदलेला असतो. विणीच्या काळात ध्वनिमुद्रित साद वाजवून नराला बोलावणे हा याच जातीचा प्रकार. प्रतिस्पर्धी आला अशा समजुतीने तो घरटे सोडून आपला प्रदेश राखायला धावतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोडून काढण्याजोगा असला तरी हसण्यावारी नेण्याजोगा नाही. या कलेचे आद्य आचार्य घरट्यांवरच शिकले ना? एरिक हॉस्किंग या इंग्रज छायाचित्रकाराचा डोळा १९३७ साली वेल्समध्ये घुबडाच्या घरट्याजवळच्या लपणाकडे जातानाच गेला; महायुद्धाच्या धामधुमीत भारतात आलेला आणि सलीम अलींबरोबर हिंडलेला सिंगापूरचा लोके वान थो, ज्याचे ‘अ कंपनी ऑफ बर्ड्‌स’ हे पुस्तक १९५७ साली निघाले, तोही उंच मचाणे बांधून घरट्यांचीच चित्रे घेई. हे सारे खरे आहे. परंतु त्यांच्या काळची काच मंद, लेन्स आखूड, आणि पक्षी खात्रीने परत येईल अशी जागा घरट्याखेरीज दुसरी नव्हती. शिवाय लपणात एकटा मनुष्य बसे, आणि पक्षी त्या लपणाला सरावेपर्यंत दिवस न् दिवस थांबे. आज आवाज न करणारे शटर आणि दूरवरून टिपणारी लेन्स हाताशी असताना, पाळीपाळीने येणारी पंधरा-वीस माणसांची टोळी त्या आचार्यांचा दाखला देते, तेव्हा त्यांची अडचण तेवढी उसनी घेते आणि त्यांची तपश्चर्या मात्र सोडून देते.

कायदाही या बाबतीत मुग्ध नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने पक्ष्यांच्या अंड्यांना अथवा घरट्यांना उपद्रव देणे हे शिकारीच्या व्याख्येतच समाविष्ट केले आहे. पण प्रत्येक दरडीपाशी वनरक्षक उभा करणे सरकारला शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही मी करीत नाही. जे करता येईल ते छायाचित्रकारांच्या मंडळांनाच: विणीच्या जागी घेतलेली, साद वाजवून किंवा आमिष टाकून घेतलेली चित्रे प्रदर्शनात आणि स्पर्धेत सरसकट नामंजूर करावीत, आणि चित्राच्या तपशिलात शटरवेगाबरोबर ते कसे मिळाले हेही लिहून घ्यावे.

तोवर भिगवणला जाणाऱ्याने एक गोष्ट आजच करावी. उजनीच्या जलाशयावर नाव वल्हवणारा मनुष्य वाईट नसतो, “अजून जवळ घेऊ का, साहेब?” असे तो विचारतो, कारण जवळ नेले तरच साहेब खूश होऊन पुढच्या वेळी त्यालाच बोलावतील, असा त्याचा अनुभव असतो. कुंभारगावच्या काठावर नावेत पाय टाकण्यापूर्वीच त्याच्याशी ठरवून घ्यावे की भाडे ठरल्याप्रमाणे पुरते मिळेल, वर चार पैसेही मिळतील, मात्र चिखलात चोची घालून चरणाऱ्या रोहितांनी माना वर केल्या आणि सारा थवा एका दिशेने चालू लागला, की वल्ही तेथल्या तेथे थांबवायची.