तिसरं सिझर

परवा आमच्या गटात एक मैत्रीण आली. दोन मुली, दोन्ही सिझरच्या. सासूबाईंना नातू हवा, म्हणून आता तिसऱ्यांदा दिवस गेलेत. "पोट उघडायचं, मूल काढायचं, त्यात काय?" असं घरचे म्हणतात. माझीही दोन सिझर झाली. मलाही कुणी काही सांगितलं नव्हतं.

पिशवीवर व्रण राहतो. पुढच्या खेपेला वार खाली, त्या व्रणावरच रुजली तर ती आत घुसू शकते, मग सुटत नाही. रक्त थांबेना, तर पिशवीच काढावी लागते. २००६ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, वार खाली असलेल्या बायकांपैकी पहिल्या सिझरला ३ टक्क्यांत वार अशी आत घुसलेली होती, तिसऱ्याला ४० टक्क्यांत!

सिझरने जीव वाचतात, त्याला माझा विरोध नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत खाजगी दवाखान्यांतली ४७ टक्के बाळंतपणं सिझरची, सरकारीतली १४. एवढ्या साऱ्याजणी अडल्या होत्या? पहिलं सिझर का केलं, हे कागदावर लिहून मागायलाच हवं. मैत्रिणीकडे तो कागदच नाही.

शुक्रवारी तिची सोनोग्राफी आहे. आम्ही दोघी सोबत जाणार आहोत. मुलगा की मुलगी ते नव्हे, वार कुठे आहे ते विचारायला.