ट्रेमध्ये जागा होती, म्हणून टाकली...

"साहेब, ट्रेमध्ये जागा होती, म्हणून टाकली."

मागच्या शनिवारी एका कारखान्यात शिडीवर उभं राहून हे वाक्य ऐकलं. पहिल्यांदा नव्हे. डिग्री इंजिनिअरिंगची, पोट सॉफ्टवेअरवर, त्यामुळे असे शनिवार नशिबी येतात.

तक्रार अशी की ब्लोअर सुरू झाला की भट्टीचं तापमान आमच्या स्क्रीनवर १५ अंशांनी उडतं. भट्टी जागच्या जागी, आकडा मात्र नाचतोय. दोन वर्षांपूर्वी हीच तक्रार आली होती तेव्हा आमच्या मॅनेजरने फोनवरच निकाल लावला होता, "सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर टाक." मी टाकला. दर दोन सेकंदांनी येणाऱ्या शेवटच्या तीस रीडिंग्जची सरासरी दाखवायची. आकडा शांत झाला, क्लायंट खूश, विषय संपला!

संपला कसला. नंतर ड्राइव्ह बदलला, ब्लोअर मोठा आला, गोंधळ परत सुरू. या वेळी ट्रे बघितला. ड्राइव्हकडून मोटरकडे जाणारी जाड केबल आणि थर्मोकपलची बारीक केबल, दोघी एकाच टायने आवळलेल्या, पन्नासेक मीटर गळ्यात गळा घालून चाललेल्या.

यात काय बिघडतं ते बघा. के-टाइप थर्मोकपल एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. म्हणजे १५ अंशांचा खोटेपणा करायला जेमतेम ०.६ मिलिव्होल्ट पुरे. आणि शेजारीण कोण? ड्राइव्हची केबल. तिच्यातून शेकडो व्होल्टचे ठोके सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतात. मारुतीच्या देवळातल्या भोंग्याखाली बसून कुणाची कुजबुज ऐकायची, तसला प्रकार.

"पण शील्डेड केबल आहे ना!" आहे की. पण त्या शील्डचं टोक पॅनेलमध्ये कापून, वर टेप गुंडाळून ठेवलं होतं. अर्थिंगच नाही! आणि शील्ड नीट जोडलं तरी ते अंतराला पर्याय नाही, अंतराच्या सोबतीला आहे.

केबल ओढणाऱ्या माणसाला शिव्या घालायची आपली पद्धत आहे. मी घालणार नाही. त्याला पैसे मीटरवर मिळतात, त्याच्या हातात ड्रॉइंग नव्हतं, आणि दुसरा ट्रे "खर्च वाचवायला" ऑफिसात बसून कुणीतरी कापला होता. उभारणीच्या वेळी तो ट्रे म्हणजे थोडा पत्रा, थोडे सपोर्ट. आता तीच केबल हलवायची तर आख्खी लाइन बंद ठेवावी लागणार. मग वाचवलं काय?

बरं, हा प्रश्न नुसत्या नाचणाऱ्या आकड्यांचा नाही. २२ मार्च १९७५ ला अमेरिकेत अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात हवेची गळती शोधायला एकाने मेणबत्ती धरली. फोम पेटला, आग ट्रेमध्ये शिरली, सोळाशेच्या आसपास केबल्स जळाल्या. एकाला दुसरी पर्याय म्हणून ठेवलेल्या यंत्रणांच्या केबल्स एकमेकींजवळून जात होत्या, त्या एकाच आगीत गेल्या. १९८० साली तिथे नियम आला: अशा केबल्समध्ये तीन तास आग अडवणारी भिंत हवी, किंवा मध्ये जळण्यासारखं काही नसलेलं २० फूट अंतर आणि जोडीला आग ओळखणारी आणि विझवणारी यंत्रणा.

आपण शिकलो? ३१ मार्च १९९३, नरोरा, उत्तर प्रदेश. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आग केबल्सवर गेली. पर्यायी पुरवठ्याच्या केबल्सही त्याच वाटेने, मध्ये आगरोधक अडथळा नाही. युनिटला सुमारे १७ तास वीज नव्हती. लोक अंधारात चढून गेले आणि हाताने व्हॉल्व्ह उघडले. किरणोत्सर्ग बाहेर आला नाही, याचं श्रेय त्या माणसांचं. केबलच्या ट्रेचं नक्कीच नाही.

आम्ही आयटीवाले 'रिडंडन्सी' हा शब्द फार मिरवतो. दोन सर्व्हर, दोन यूपीएस. आणि दोन्हींच्या केबल्स एकाच ट्रेमधून! याला दोन म्हणत नाहीत हो, एकच म्हणतात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पॉवर, कंट्रोल आणि इन्स्ट्रुमेंटचे ट्रे वेगळे. पॉवर आणि इन्स्ट्रुमेंटमध्ये ३०० मिलिमीटर हा बऱ्याच ठिकाणी पाळला जाणारा आकडा आहे, तिथून सुरुवात करा. करंट जास्त किंवा सोबतची धाव लांब असेल तर वाढवा. ओलांडायचंच असेल तर काटकोनात. प्रत्येक केबलपुढे ट्रे नंबर लिहिलेली यादी, आणि ती जागेवर तपासल्याशिवाय शेवटचं बिल नाही. आणि सॉफ्टवेअरवाल्यांनो, ट्रेचा फोटो आल्याशिवाय फिल्टरची एक ओळही लिहू नका.

कारण माझ्या त्या फिल्टरमुळे भट्टी खरोखर तापत असतानाही स्क्रीनवरचा आकडा जवळजवळ अर्धा मिनिट मागे राहत होता. त्यात निघताना ऑपरेटर काकांना विचारलं, अलार्म वाजत नाही का? म्हणाले, "वाजायचा ना. सारखा खोटाच वाजायचा, म्हणून बंद करून ठेवलाय."

सोमवारी मी तो फिल्टर काढतोय. केबल कोण हलवतं ते बघू.