स्वयंवह यंत्राचा हिशेब

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील यंत्राध्यायात एका चाकाची कृती दिलेली आहे. हलक्या लाकडाचे चाक करावे, त्याला सारख्या अंतरावर सारख्याच मापाचे पोकळ आरे बसवावेत, ते सर्व एका बाजूस किंचित वळलेले असावेत, प्रत्येकात अर्ध्यापर्यंत पारा भरून तोंडे बंद करावीत आणि दोन आधारांवर टेकलेल्या आसावर ते चाक चढवावे. म्हणजे ते आपले आपण फिरत राहते. याला स्वयंवह यंत्र असे नाव होते. सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने अशाच चाकाचे वर्णन केले होते आणि पुढे तेराव्या शतकात फ्रान्समधील एका कारागिराच्या चित्रवहीत हेच स्वप्न पाऱ्याऐवजी हातोड्यांच्या रूपाने आढळते. न थांबणाऱ्या चाकाचा मोह कोणा एका देशाचा नाही.

प्रस्तुत लेखकाचा विज्ञानाशी संबंध शाळेपुरता. तरीही हे चाक का फिरत नाही हे समजायला फारसे गणित लागत नाही. खाली उतरणाऱ्या बाजूचा पारा कडेकडे सरकतो, वर चढणाऱ्या बाजूचा आसाकडे येतो. म्हणून एक बाजू सदैव जड आहे असा भास होतो. परंतु एक पूर्ण फेरा झाला की प्रत्येक आऱ्यातील पारा जेथून निघाला तेथेच परत येतो. जेवढा उतरला तेवढाच त्याला चढावे लागलेले असते. उतरताना जे मिळाले ते चढताना संपले. आणि आसाच्या घासण्याला जे द्यावे लागते ते आणावयाचे कोठून? हाताने ढकललेले चाक काही फेरे घेईल आणि उभे राहील. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली ठरवून टाकले की अशा यंत्रांचे दावे यापुढे तपासायचेच नाहीत. १८४७ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ऊर्जेच्या अक्षय्यतेचा सिद्धान्त मांडला तो ‘असे यंत्र अशक्य आहे’ येथूनच सुरुवात करून.

परंतु भास्कराचार्यांची गोष्ट येथे संपत नाही, आणि आमच्या मते तिचा सर्वांत उद्बोधक भाग पुढेच आहे. लल्लाचार्यांनी सांगितलेल्या अशाच एका यंत्राला ते ‘ग्राम्य’ ठरवितात. कारण? ते सापेक्ष आहे, बाहेरच्या कशावर तरी अवलंबून आहे. ज्यात चातुर्याचा चमत्कार आहे तेच खरे यंत्र, असा त्यांचा अभिप्राय. त्याच ओघात ते हेही बजावून सांगतात की स्वयंवह म्हणून दाखविल्या जाणाऱ्या पुष्कळ यंत्रांची गती कपटाने साधलेली असते. आणि आपण हा विषय घेतला तो पूर्वाचार्यांनी सांगितला म्हणून. एवढ्या मोठ्या गणितज्ञाची ही सावधगिरी लक्षात घेण्याजोगी आहे. ‘आमच्या पूर्वजांनी सर्व शोध लावून ठेवले होते’ असे व्यासपीठावरून सांगणारे वक्ते नेमका हा भाग गाळतात. मूळ ग्रंथ वाचण्याचे कष्ट कोण घेतो!

तथापि त्या ‘ग्राम्य’ शब्दापाशी आम्ही बराच काळ थांबलो. जे यंत्र आपण कोणावर अवलंबून आहोत हे उघड दाखविते ते गावंढळ. आणि जे ते झाकून ठेवते ते चतुर, नागर, चमत्कारिक. आठशे-पावणेनऊशे वर्षांपूर्वीचा हा निवाडा यंत्रशास्त्रातून केव्हाच बाद झाला. समाजव्यवहारात मात्र तो आजही शाबूत आहे. आपल्याकडे प्रतिष्ठा लाभते ती जे ‘आपोआप’ चालते असे भासते त्याला. घर आपोआप चालते, धंदा आपोआप चालतो, पैसा पैशाला आपोआप वाढवितो, शहर आपोआप वाढते. यातील प्रत्येक ‘आपोआप’ मागे एक ढकलणारा हात असतो आणि तो दिसू नये अशीच सारी मांडणी असते.

घराचेच पाहा. ‘आमच्या घरी सगळे वेळच्या वेळी होते’ असे अभिमानाने सांगणाऱ्या गृहस्थाला विचारावे की पहाटे उठून पाणी कोण भरते, डबा कोण करते, दुपारी भांड्यांचा ढीग कोण उपसते. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर घरातील स्त्री; तिसऱ्याचे उत्तर दुसऱ्याच्या घरातील स्त्री. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी काम बंद ठेवले तेव्हा हे यंत्र स्वयंवह नाही याचा शोध अनेक सुशिक्षित कुटुंबांना प्रथमच लागला. घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात व्हायला त्यानंतर २००८ साल उजाडावे लागले. ‘दामदुप्पट’ योजनांविषयी तर काय सांगावे! १९७८ साली केंद्राने साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा केला, १९९९ साली राज्याने ठेवीदारांच्या संरक्षणाचा केला, आणि तरीही निवृत्तीच्या पैशाचे पाकीट घेऊन अशा दारांत उभे राहणारे लोक आमच्या पेठेत सापडतात. पहिल्या ठेवीदाराचे व्याज म्हणजे शंभराव्या ठेवीदाराचे मुद्दल, एवढे ज्याला उमगले त्याला त्या चाकातील पारा दिसला.

विजेची कथा याहून मोठी आहे. मुळशीला धरण बांधून सह्याद्रीचे पाणी पश्चिमेकडे घाटाखाली भिऱ्याला सोडायचे, त्या पडत्या पाण्यावर वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची, ही टाटांची योजना. पाणी पडते ते फुकट, कोळसा नको, धूर नको. स्वयंवह यंत्राच्या इतके जवळ दुसरे काय असणार? परंतु जलाशयाच्या तळाशी मावळातील बावन्न गावांची भातखाचरे जाणार होती. त्या पडत्या पाण्याची किंमत मावळ्यांनी मोजायची होती आणि ती हिशेबाच्या वहीत ‘नुकसानभरपाई’ या एका शब्दात बसविलेली होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे त्यात होते, आणि पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव मिळाले ते याच लढ्यात. १९२४ च्या सुमारास लढा संपला आणि धरण झाले. देशात ‘विकास’ आणि ‘विस्थापन’ या शब्दांची जोडी रूढ होण्याच्या कितीतरी आधी पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्याने विचारले होते: हे चाक कोणाच्या जिवावर फिरणार?

(नळाचे पाणी आपोआप येते अशी समजूत असलेल्या आमच्या नारायण पेठेला ते कोठून येते हे १२ जुलै १९६१ रोजी कळले. पानशेत फुटले आणि नदी वाड्यांत शिरली. पूरग्रस्तांच्या वसाहती पुढे शहराच्या चारी अंगांना वसल्या, हे जुन्या रहिवाशांना सांगावयास नको. त्याच जलाशयाच्या तळाशी कोणाची गावे गेली होती, ही आठवण मात्र पेठेत कधी फारशी निघत नाही.)

आता या पेठेविषयीच. केसरीवाडा, रमणबाग, छापखाने, प्रकाशनगृहे ही तिची जुनी ओळख. आज पहाटे सहाला येथून फेरफटका मारणाऱ्याला दुसरेच दृश्य दिसते. पाठीवर पिशवी घेतलेली पंचविशीतली मुले-मुली खोल्यांतून निघून अभ्यासिकांकडे चाललेली असतात. रात्री दहा-अकराला हीच पावले उलट दिशेने परततात. सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी या चार पेठांत स्पर्धा परीक्षांचे एक स्वतंत्र गावच वसलेले आहे. वाड्याच्या जागी उठलेल्या इमारतीत ‘कॉट बेसिस’ची खोली, तळमजल्यावर खाणावळ, पहिल्या मजल्यावर अभ्यासिका, समोर झेरॉक्सचे दुकान, कोपऱ्यावर चहा, आणि या सर्वांवर यशस्वी उमेदवारांच्या छायाचित्रांचे फलक. पेठ कशी भरभराटीला आली आहे, येथे मंदी म्हणून नाही, असे आमचे शेजारी समाधानाने म्हणतात.

हे चाक खरोखरच नवलाईचे आहे. एका वर्षी पूर्वपरीक्षेत अडलेला दुसऱ्या वर्षी मुख्य परीक्षेत अडतो, तिसऱ्या वर्षी मुलाखतीपर्यंत पोचतो, चौथ्या वर्षी पुन्हा पूर्वपरीक्षेपाशी येतो. वर्तुळ पुरे झाले. पारा होता तेथे आला. ज्याचे वय संपते त्यातला एखादा स्वतःच शिकवणी काढतो आणि नव्या मुलांना गोळा करतो. चाक आपल्याच झिजेतून आपले वंगण काढते, अशी ही योजना. फी, भाडे, खाणावळ, सराव परीक्षा, पुस्तके यांचा ओघ अखंड चालू आणि तरीही पाहणाऱ्याला वाटावे की ढकलणारा कोणी नाही, मुले आपल्या महत्त्वाकांक्षेने येतात, आपल्या कुवतीने राहतात.

ढकलणारा आहे; तो येथे राहत नाही एवढेच. लातूर, बीड, परभणी, बुलढाणा, यवतमाळ येथून दर महिन्याला जो पैसा येतो तो सोयाबीनचा असतो, कापसाचा असतो, ऊसतोडीच्या उचलीचा असतो, क्वचित आईच्या पाटल्यांचा असतो. ज्या शेतीला पिकाचा भाव मिळत नाही तीच शेती शहरातील एका पेठेचे भाडे भरते. शेतीत राम उरला नाही म्हणून मुलगा सरकारी नोकरीकडे धावतो आणि त्याच्या धावण्याचा खर्च पुन्हा शेतीवरच पडतो. यापरते उलटे चाक कोणत्या कारागिराने कल्पिले असेल?

शंका असेल त्याने २०२० सालचा उन्हाळा आठवावा. टाळेबंदी लागली, मुले मिळेल त्या वाहनाने गावी गेली आणि बघता बघता पेठ ओस पडली. खाणावळीच्या चुली विझल्या, खोल्यांना कुलुपे लागली, झेरॉक्सवाल्याने दुसरा धंदा शोधला. स्वयंवह म्हणून नावाजलेले चाक काही आठवड्यांत उभे राहिले. पुढल्या वर्षी, ११ मार्च २०२१ ला, तीन दिवसांवर आलेली राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुन्हा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, तेव्हा शास्त्री रस्त्यावर मुले उतरली आणि आयोगाला त्याच महिन्यात परीक्षा घ्यावी लागली. २०२३ च्या प्रारंभी परीक्षेच्या नव्या पद्धतीवरून पुन्हा रस्ता अडला; ती पद्धत २०२५ पासून लागू करण्याचे ठरले. दोन्ही वेळी वर्तमानपत्रांनी लिहिले ते ‘विद्यार्थ्यांचा संताप’. एका पुढे ढकललेल्या तारखेचा अर्थ एका कुटुंबाच्या वहीत आणखी एका महिन्याचे भाडे असा होतो, हे फारसे कोणी लिहिले नाही.

मुलांनी येथे येऊ नये असे आम्ही म्हणत नाही. बहुजन समाजातील तरुणाने जिल्हाधिकारी व्हावे, तहसीलदार व्हावे. ज्या कचेरीच्या पायरीवर त्याच्या आजोबाला तासन्‌तास उभे राहावे लागले तेथील खुर्चीत त्याने बसावे, यासारखा आनंद नाही. परंतु खुर्च्या मोजक्या आणि धावणारे अगणित, हे ठाऊक असूनही प्रत्येकाला ‘तुझी निवड निश्चित’ असे सांगणारा फलक हा भास्कराचार्यांनी सांगितलेल्या कपटगतीच्याच जातीचा आहे.

सापेक्षता कबूल करणारी यंत्रे जगात आहेतच, आणि ती उत्तम चालतात. घाटघरला २००८ पासून अडीचशे मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असताना खालचे पाणी वर चढवायचे, मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज घ्यायची. साधारणपणे चार युनिटे घालावी तेव्हा तीन परत मिळतात. एक युनिट गेले ते गेले, हे तेथील अभियंता लपवीत नाही. त्या तोट्याच्या बदल्यात वेळेवर वीज मिळते असे तो सरळ सांगतो. ग्राम्य यंत्र म्हणावे तर हे. पण हिशेब चोख.

माणसाच्या बाबतीत हाच हिशेब नारायण मेघाजी लोखंड्यांनी मागितला होता. यंत्र थकत नाही म्हणून त्यापाशी उभा असलेला माणूसही थकत नाही असे गृहीत धरून मुंबईच्या गिरण्या चालत. ‘दीनबंधु’च्या या संपादकाने १८८४ पासून आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आठवड्यातून एक दिवस चाक थांबेल, कारण ते माणसे फिरवितात, हे त्या दिवशी प्रथम लिहून मान्य झाले. अभ्यासिकेचे दार आज रविवारीही पहाटे उघडते.

भरतीची जाहिरात, परीक्षा आणि निकाल यांच्या तारखा वर्षारंभी जाहीर व्हाव्यात आणि त्या पाळल्या न गेल्यास वयोमर्यादा आपोआप तेवढी वाढावी. या एका जागी ‘आपोआप’ हा शब्द आम्हाला चालेल. शासनाने या पेठांजवळ वसतिगृहे उभारावीत. आणि हे व्हायचे तेव्हा होवो, पेठेतील कार्यकर्त्यांनी तोपर्यंत एक काम करावे. खोलीचे भाडे, अनामत, अभ्यासिकेची फी, खाणावळीचा महिना, शिकवणीचा दर, यांची गल्लीवार नोंद करावी. पावती मिळते की नाही, इमारतीला दुसरा जिना आहे की नाही, हेही लिहावे. समोर त्या वर्षीच्या जाहिरातीतील जागांचा आकडा मांडावा आणि तो तक्ता छापून लातूरच्या, बीडच्या बाजार समितीत वाटावा. तीन-चार जणांना पंधरा दिवसांत जमेल एवढेच हे काम आहे.