सात सभासदांची संस्था

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील शाळांचे धूळ खात पडलेले संगणक दुरुस्त करून त्यांवर मराठीतून चालणारी मुक्त प्रणाली विनामोबदला बसवून देणारी काही तरुण मंडळी, आपल्या मंडळास कोणते कायदेशीर रूप द्यावे हा प्रश्न घेऊन या आठवड्यात माझ्याकडे आली, तेव्हा त्यांच्या वहीत ‘कंपनी’ हा शब्द ठळकपणे अधोरेखित केलेला होता. 2013 च्या कंपनी कायद्याच्या आठव्या कलमान्वये ना-नफा कंपनी दोघांनाही स्थापन करता येते हे खरे. परंतु वार्षिक विवरणपत्रे आणि संचालकांच्या डिजिटल सह्या यांचा व्याप, ज्यांची सारी शिल्लक पत्र्याच्या एका डब्यात मावते, त्यांनी का पत्करावा? नोंदणी टाळण्याचाही एक मार्ग आहे: डेबियन या जगद्विख्यात मुक्त संगणक प्रणालीच्या स्वयंसेवकांनी स्वतः नोंदणी न करता आपली मालमत्ता 1997 साली न्यूयॉर्क राज्यात नोंदलेल्या एका संस्थेकडे सोपविली. तसा पालक आपल्याकडे सहजी मिळत नाही. म्हणून माझा कौल संस्था-नोंदणीलाच आहे. 1860 चा कायदा किमान सात सभासद मागतो, आणि महाराष्ट्रात तीच संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही दाखल होत असल्याने, उद्या कोणी सद्गृहस्थाने खोली दान दिली, तर धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून ती कोणाला विकता येणार नाही, हे संरक्षण मला फार मोलाचे वाटते. मात्र विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा, कारण कित्येक जुन्या मंडळांच्या दप्तरी अद्याप दिवंगतांचीच नावे नांदत आहेत. आणि काम दोन तालुक्यांत असल्याने सातांपैकी तिघे तरी मुरबाडचे असावेत.